कोटातलं गाव: रोड्समध्ये चार दिवस पायी

आम्हा अलिबागकरांचा कोट म्हणजे कुलाब्याचा. ओहोटीला चालत जायचं, सिद्धिविनायकासमोर दोन मिनिटं बसायचं, पुष्करणीत डोकावायचं आणि भरती चढायच्या आत मागे फिरायचं. परतताना दर वेळी मला वाटायचं, या तटाच्या आत दिवे लागत, चुली पेटत, तेव्हा हा कोट कसा दिसत असेल? ग्रीसच्या रोड्स बेटावरच्या जुन्या शहराबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा हाच प्रश्न वर आला, कारण तिथे तटाच्या आत माणसं अजून राहतात. सुमारे चार किलोमीटर लांबीचा तट, त्याबाहेर कोरडा खंदक, आणि आत किराणा दुकानं, अंगणं, वाळत घातलेले कपडे. १९८८पासून हे अख्खं शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझ्या थोरल्या वन्सं, अशा दोघीच जाऊन आलो. वन्सं पस्तीस वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या, मी शाळेत इतिहास शिकवला. बेटभर हिंडायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. लिंडोस नाही, समुद्रस्नान नाही. चार दिवस कोटात आणि कोटाभोवती, तेही पायीच.

पहिला दिवस

अथेन्सला विमान बदलून रोड्सला दुपारी उतरलो. विमानतळावरून बसने नव्या शहरात आलो आणि एलेफ्थेरियास दरवाजातून आत शिरलो. हा दरवाजा जुना नाही, इटालियन राजवटीत १९२४ साली तट फोडून केलेला आहे. आत पाऊल टाकल्याबरोबर अफ्रोदितीच्या, म्हणजे ग्रीकांच्या प्रेमदेवतेच्या, देवळाचे पडके खांब, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले. वन्सं म्हणाल्या, "अगं, आल्या आल्या देऊळच लागलं!"

घर मिळालं होतं आयिऊ फानुरिऊ नावाच्या गल्लीत. नकाशावर दहा मिनिटं, प्रत्यक्षात पाऊण तास. इथल्या गल्ल्यांत समुद्रातले गुळगुळीत गोटे उभे रोवलेले असतात, त्याला तिथे खोख्लाकी म्हणतात. तिसऱ्या वळणावर माझ्या बॅगेचं चाक निखळून पडलं. आम्ही एका कमानीखाली उभ्या, संध्याकाळ उतरत आलेली, आणि आजूबाजूला मांजरांशिवाय कोणी नाही. तेवढ्यात वरच्या खिडकीतून एका माणसाने आम्हाला पाहिलं. तो खाली आला, चाक हातात घेऊन बघितलं, मान हलवली आणि बॅग सरळ खांद्यावर घेऊन चालू लागला. वन्सं मागे पडल्या की थांबायचा आणि म्हणायचा, "सीगा, सीगा." हळू, हळू. चारही दिवस हा शब्द आम्ही इतक्यांदा ऐकला की वन्सं अजून घरी वापरतात.

या गल्ल्यांमध्ये एका घरापासून समोरच्या घरापर्यंत दगडी कमानी टाकलेल्या आहेत. शोभेच्या वाटतात, पण काम मोठं करतात. भूकंपात समोरासमोरच्या भिंती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून त्या बांधल्या आहेत. बेट भूकंपाच्या पट्ट्यात आहे. इथला जगप्रसिद्ध कांस्याचा सूर्यदेव, तो महाकाय कोलोसस, इ.स.पू. २२६च्या भूकंपातच गुडघ्यात मोडून पडला.

घरमालकीण सत्तरीपुढची. आम्ही तिला किरिया म्हणायचो, म्हणजे बाई. रस्ता चुकलो हे समजल्यावर ती हसली, आम्हाला दारातून परत बाहेर नेलं आणि गल्लीतलं छोटं चर्च दाखवलं. संत फानुरिओसचं. या संताची मूर्तिचित्रं ग्रीसभर आहेत, पण परंपरेप्रमाणे पहिलं सापडलं ते रोड्समध्ये. हा हरवलेलं दाखवून देणारा संत. काही हरवलं की बायका त्याच्या नावाने फानुरोपिता नावाचा केक करतात आणि शेजारीपाजारी वाटतात. किरियाने त्याचेच दोन तुकडे बशीत घालून आणले. दालचिनी, लवंग, संत्र्याचा रस, अक्रोड, बेदाणे. अंडं नाही, लोणी नाही, सगळं तेलात. हा केक उपासाला चालणारा असतो. वन्संनी विचारलं, "हिचं काय हरवलं होतं?" आमचं ग्रीक आणि तिचं इंग्रजी यात ते काही कळलं नाही.

शाकाहारी माणसांनी इथे एक शब्द पाठ करावा: निस्तीसिमो. ख्रिस्ती उपासाला चालणारा पदार्थ, म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काही नसलेला. शिंपले-कोळंबी मात्र त्यांच्या उपासाला चालतात, तेवढं वेगळं सांगावं लागतं. "शाकाहारी" म्हटल्यावर जे गोंधळतात ते या शब्दावर लगेच चार पदार्थ सांगतात.

दुसरा दिवस

पहाटे उठून सातच्या आत सरदारांच्या रस्त्यावर, ओदोस इप्पोतोनवर, पोचलो. जाणाऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला हाच आहे. दहा वाजता बंदरातल्या मोठ्या जहाजांमधून लोंढे येतात आणि मग तिथे माणसांच्या पाठीच दिसतात. सकाळी मात्र आम्ही दोघी, एक झाडूवाला आणि ओला दगड. रात्री पाऊस पडून गेला होता.

हा रस्ता बाणासारखा सरळ आहे, आणि त्याचं कारण सरदारांच्याही कितीतरी आधीचं आहे. इ.स.पू. ४०८मध्ये बेटावरच्या तीन गावांनी मिळून रोड्स वसवलं ते आखून, काटकोनात. बंदरापासून वरच्या टेकडीकडे जाणारी त्या वेळची वाट आजही याच रस्त्याखाली आहे. पुढे १३०९ साली सेंट जॉनचे सरदार इथे आले आणि २१३ वर्षं राहिले. हे लढवय्ये संन्यासी युरोपभरातून जमलेले, म्हणून त्यांची पथकं भाषेप्रमाणे केलेली: प्रोव्हान्स, ओव्हेर्न्य, फ्रान्स, इटली, स्पेन, इंग्लंड, जर्मनी. त्यांचे वाडे या रस्त्याला लागून आहेत. तटाचा एकेक भागही एकेका भाषेकडे राखायला दिलेला. मला हे फार विलक्षण वाटलं. एकमेकांची बोली न समजणारी माणसं एकच भिंत सांभाळत होती.

रस्त्याच्या खालच्या टोकाला त्यांचं रुग्णालय आहे, आता पुरातत्त्व संग्रहालय. इथे मी दोन तास धरले होते, वन्संनी चार लावले. १४४०मध्ये काम सुरू झालं, १४८९मध्ये पुरं झालं. वरच्या मजल्यावर रुग्णांचं मोठं दालन आहे. मधोमध खांबांची रांग, उंच छत, भिंतीला लागून लहान लहान खोल्या. वन्सं दारात थांबल्या आणि काही न बोलता दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, जशा रात्रपाळीच्या फेरीला जात असतील तशा. परत येऊन म्हणाल्या, "खाटा दोन्ही भिंतींना असणार. मधून चालायला जागा. दारातून सगळे पेशंट दिसतात बघ." दालनाच्या एका बाजूला प्रार्थनेसाठी कोनाड्यासारखी जागा काढली आहे, म्हणजे अंथरुणावर पडल्या पडल्या रुग्णाला प्रार्थना ऐकू यावी. या पंथाच्या नियमांत रुग्णांचा उल्लेख "आमचे स्वामी" असा येतो. मी हे वन्संना सांगितलं. त्या बराच वेळ एका थडग्याच्या शिळेकडे बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "आम्हाला हे शिकवलं असतं तर बरं झालं असतं."

खाली चौकात संगमरवरी सिंह आहे आणि तोफांचे दगडी गोळे रचून ठेवले आहेत. संग्रहालयात बहुतेक लोक स्नान करून केस पिळणाऱ्या छोट्या अफ्रोदितीपुढे गर्दी करतात. ती सुंदर आहेच. पण आमचे पाय थांबले ते क्रितो आणि तिमारिस्ताच्या शिळेपाशी. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीची ही स्मृतिशिळा याच बेटावरच्या कामिरोसला सापडली. तिमारिस्ता ही आई, ती गेलेली. लेक क्रितो तिला निरोप देते आहे. आईचा हात लेकीच्या खांद्यावर आहे आणि मुलीचं डोकं किंचित खाली झुकलेलं. केस आखूड कापले आहेत, दुःखाचे. मूर्तिकाराने दोघींच्या डोळ्यांत पाणी दाखवलेलं नाही, तरी दोघी रडून झाल्यावर भेटताहेत असं वाटतं. वन्संची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागच्या वर्षी गेल्या. आम्ही दोघी तिथे बाकावर बसलो.

वरच्या टोकाचा महागुरूंचा, म्हणजे या सरदारांच्या प्रमुखांचा, राजवाडा मला तितका भिडला नाही. १८५६मध्ये वीज पडून दारूगोळ्याचा प्रचंड स्फोट झाला आणि तो उद्ध्वस्त झाला. आज दिसतो तो इटालियनांनी १९३७ ते १९४० या काळात उभारलेला. बेटावर त्यांचं राज्य १९१२पासून होतं. जमिनीवरची मोझाइक मात्र अस्सल आहेत, शेजारच्या कोस बेटावरून आणलेली. मेदूसाचं मोझाइक शांतपणे बघा. बाकी दालनं अर्ध्या तासात होतात.

जेवायला गल्लीतल्याच एका खानावळीत पितारूद्या मागवल्या. भिजवून वाटलेले छोले, त्यात कांदा, टोमॅटो, पुदिना, थोडं पीठ, आणि तळून काढलेले चपटे वडे. रोड्सचा हा घरगुती पदार्थ. पहिला घास घेतल्यावर वन्सं म्हणाल्या, "हिरवी मिरची घातली की झालं, आपलाच वडा." खानावळवाल्या बाईंनी आमच्या चेहऱ्यांवरून ओळखलं असावं, त्यांनी वाळक्या लाल मिरचीची वाटी आणून ठेवली.

तिसरा दिवस

आजचा दिवस खंदकाचा. खंदकात उतरायला तिकीट लागत नाही. दोन बाजूंना उंच भिंती आणि मधून गवताची रुंद वाट. पाणी यात कधीच नव्हतं. वाटेत दगडी गोळे पडलेले दिसतात, काही तर मांडीएवढे उंच. सकाळी लवकर जा, टोपी आणि पाण्याची बाटली न्या, सावली जवळजवळ नाही. तटावरून चालायचा वेगळा, तिकिटाचा मार्ग आहे. आम्ही गेलो तेव्हा तो बंद होता.

खालून बघितल्यावर तटाची जाडी कळते. १४८०मध्ये तुर्कांचा पहिला मोठा वेढा पडला तो महागुरू पियेर दोब्यूसों यांनी परतवला. त्यानंतर भिंती आणखी जाड झाल्या, बुरूज तोफांना तोंड देण्यासाठी बदलले. आंब्वाज दरवाजा १५१२चा. त्यातून आत जाणारी वाट अशी वळणं घेते की रायगड-राजगडाचे दरवाजे बघितलेल्या माणसाला तिचा हेतू सांगावा लागत नाही.

१५२२च्या उन्हाळ्यात सुलतान सुलेमान स्वतः आला. सहा महिने वेढा चालला आणि निम्मी लढाई जमिनीखाली झाली. तुर्क भिंतीखाली सुरुंग खणत होते आणि आतले लोक ते शोधत होते. गाब्रिएले तादिनी नावाचा इटालियन अभियंता आत होता. त्याने ताणलेली कातडी जमिनीवर ठेवून त्यांना घुंगरं लावली. खाली कुदळ पडली की वर घुंगरू वाजायचं, आणि मग तिथे उलटा सुरुंग खणायचा. खंदकाच्या त्या भागात उभं राहून मी वन्संना आपली वसई सांगितली. १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने असेच सुरुंग लावून बुरूज फोडले होते. आणि गंमत म्हणजे हा आपला "सुरुंग" शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात "सुरुङ्गा" म्हणून आहे आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ ग्रीक "सिरिंक्स"मध्ये शोधतात. सिरिंक्स म्हणजे नळी, पावा. वन्सं चटकन म्हणाल्या, "म्हणजे माझी सिरिंजसुद्धा!" हो, तीही तिथलीच. ज्या शब्दावर त्यांचं आयुष्य गेलं तो इथून आला होता याचा त्यांना इतका आनंद झाला की संध्याकाळी किरियाला हाताने इंजेक्शन टोचायची खूण करून त्यांनी तो समजावून सांगितला.

अखेर डिसेंबरात सरदारांनी शरणागती पत्करली. सुलेमानाने त्यांना शस्त्रांनिशी, सामानासकट जाऊ दिलं. १ जानेवारी १५२३ला महागुरू व्हिलिये द लिल-आदाम बंदरातून निघाले. पुढे १५३०मध्ये या पंथाला माल्टा मिळालं.

दुपारी सोक्रातूस रस्त्याने वर गेलो. खालचा अर्धा रस्ता चामड्याच्या चपला, स्पंज आणि फ्रिजवर लावायची चुंबकं यांनी भरलेला आहे, तिथे रेंगाळू नका. वर टोकाला सुलेमानाची गुलाबी मशीद. विजयानंतर बांधलेली, आजची इमारत १८०८मधल्या पुनर्बांधणीची. तिच्या समोर रस्त्यापलीकडे हाफिज अहमद आगा यांचं ग्रंथालय आहे, १७९३चं. अरबी, फारसी, तुर्की हस्तलिखितं आणि काळ्यापांढऱ्या गोट्यांची फरसबंदी असलेलं शांत अंगण. आम्ही आत गेलो आणि पाऊस कोसळला. भूमध्य समुद्रावरचा ऑक्टोबरचा पाऊस आपल्या वळवासारखा येतो, आधी वारा, मग गारवा, मग एकदम धार. राखणदार म्हाताऱ्याने दोन खुर्च्या ओसरीत ओढून दिल्या. तो घरी तुर्की बोलतो, बाहेर ग्रीक. बेटावर अशी मुस्लिम कुटुंबं अजून आहेत. त्याने आम्हाला काही दाखवलं नाही, काही विकलं नाही. आमच्याबरोबर पाऊस बघत बसला. मध्येच म्हणाला, "इथलं पाणी बंदराकडे धावतं," आणि हाताने उतार दाखवला. खरंच, सगळी गल्ली ओढ्यासारखी वाहत होती.

गोटे ओले झाले की साबणासारखे होतात. रबरी तळव्याचे, पकड असलेले बूट घाला. आमच्यासमोर दोन जण पडले.

चौथा दिवस

पूर्वेकडची जुदेरिया, ज्यूंची वस्ती, मी मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी ठेवली होती. आमच्या अलिबागला इस्राईल आळी आहे. तिथल्या सिनेगॉगवरून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून, मी लहानपणी रोज शाळेत गेले. कोकणातले बेने इस्राईल लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणी त्यांच्यातल्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांची कुटुंबं पुढे इस्राएलला गेली. आळीत आता थोडीच घरं उरली आहेत.

कहाल शालोम सिनेगॉग १५७७चं. ग्रीसमध्ये आज वापरात असलेलं हे सर्वांत जुनं सिनेगॉग. शनिवारी ते पाहुण्यांसाठी बंद असतं. खांदे झाकतील असे कपडे घालून जा. आत पाऊल टाकताच मला ओळखीचं वाटलं. वाचनाचा चौथरा मधोमध, भोवती बसायची जागा, वरून टांगलेले दिवे, अगदी आमच्या आळीत आहे तसं. पायाखाली मात्र रोड्सचे तेच काळेपांढरे गोटे, नक्षीत बसवलेले. इथले ज्यू स्पेनमधून १४९२ साली हाकलल्यानंतर तुर्कांच्या राज्यात आलेल्यांचे वंशज. चारशेहून जास्त वर्षं ते घरात जुनी स्पॅनिश, म्हणजे लादिनो, बोलत राहिले. शेजारच्या खोल्यांतल्या संग्रहालयात त्यांच्या लग्नाचे कपडे, शाळेतली छायाचित्रं आणि स्वयंपाकाची भांडी आहेत.

बेट १९४३पासून जर्मनांच्या ताब्यात होतं. जुलै १९४४मध्ये त्यांनी सगळ्या ज्यूंना एकत्र बोलावून कोंडून ठेवलं आणि २३ जुलैला जहाजांत बसवून अथेन्सजवळच्या पिरेऊस बंदराला आणि तिथून आगगाडीने आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवलं. सुमारे १,७०० माणसं गेली. दीडशेच्या आसपास वाचली. तुर्कस्तानचे तिथले वाणिज्यदूत सेलाहत्तिन उल्कुमेन यांनी तुर्की नागरिकत्वाचा दावा पुढे करून चाळीसहून अधिक जणांना सोडवून आणलं. सिनेगॉगच्या आवारात गेलेल्या कुटुंबांची आडनावं कोरलेली आहेत. मी त्या शिळेचा फोटो काढला.

तिथून दोन मिनिटांवर ज्यू हुतात्म्यांचा चौक. मध्ये समुद्रघोड्यांचं कारंजं, एका बाजूला काळा स्मारकस्तंभ, त्यावर वेगवेगळ्या भाषांत एकच मजकूर. चौकात भोवताली खानावळी आहेत, मुलं कारंज्याभोवती पळत होती. गल्ल्यांमधल्या जुन्या घरांत आता दुसरे लोक राहतात. कोटात लागलेले दिवे बघायचे म्हणून मी इथवर आले होते. काही खिडक्यांत दिवे लावणारी माणसं एका दिवसात नेली गेली, हे ते बघताना मनातून जात नाही. जुन्या शहरात येणाऱ्या बहुतेक सहली या बाजूला येतच नाहीत. तुम्ही या. तासभर पुरतो.

संध्याकाळी मांद्राकी बंदरावर गेलो. तीन पवनचक्क्या, टोकाला संत निकोलसचा किल्ला, आणि खांबांवर हरिण-हरिणी. कोलोसस इथे पाय फाकून उभा होता आणि खालून जहाजं जात होती असं चित्र सगळीकडे विकतात, पण तसं नव्हतं. तेहेतीस मीटर उंचीचा पुतळा त्या ठेवणीत उभाच राहिला नसता. वारा सुटला होता. आम्ही एका दुकानातून मेलेकुनी घेतली: तीळ, मध, बदाम, संत्र्याची साल, शंकरपाळ्यासारखी कापलेली. रोड्सला लग्नात आणि बारशाला ही वाटतात. वन्संनी पाच पाकिटं घेतली, "संक्रांतीपर्यंत टिकेल" म्हणून.

निघायच्या सकाळी किरियाने दारात थांबवलं. त्या पहिल्या संध्याकाळच्या माणसाने माझ्या बॅगेला दुसऱ्या कुठल्याशा बॅगेचं चाक बसवून दिलं होतं, पैसे घेतले नव्हते. किरियाने फानुरोपिताचा मोठा तुकडा कागदात बांधून दिला.

मेलेकुनी संक्रांतीपर्यंत टिकली नाही. घरी आल्यावर आठवड्याभरात एक पाकीट घेऊन मी इस्राईल आळीत गेले. तिथे राहिलेल्यांपैकी एक मावशी माझ्या आईची मैत्रीण. त्यांना सिनेगॉगचे फोटो दाखवले. दिव्यांचा फोटो बघून त्या म्हणाल्या, "आपल्याकडचेच आहेत गं." मग आडनावांच्या शिळेचा फोटो आला. त्यांनी चष्मा लावला, फोन माझ्या हातातून घेतला, आणि इंग्रजी अक्षरं जुळवत एकेक नाव मोठ्याने वाचायला लागल्या. पहिल्या ओळीपासून.